खाजत नाही म्हणून

२८ ऑक्टोबर, उलवे

तर पुन्हा तेच. जे खाजत नाही, जे दुखत नाही, त्याच्यासाठी डॉक्टर कशाला पाहिजे, हे मी समीक्षाला दिवाळीत चारदा सांगितलं आणि आज फोनवर पाचव्यांदा. बायको माझी, पण ऐकते कोणाचं देव जाणे. म्हणते, चंद्रपूरला चला, चामडीचा डॉक्टर बसतो. म्हटलं अगं, एक दिवसाची सुट्टी मागितली तर शेठ महिनाभर तोंड वाकडं करते, आणि तुझ्या त्या फिकट चट्ट्यासाठी मी परत गावाला येऊ? कोपराच्या वर आहे, ब्लाऊजच्या बाहीत अर्धा झाकला जातो. वर्ष-दीड वर्षापूर्वी पाच रुपयाच्या नाण्याएवढा होता, आता तळहाताएवढा झाला. झाला तर झाला. तिला वाटते कोड आहे. कोड पांढरंफटक असते, मी बघितलं आहे. हे नुसतं रंग उडाल्यासारखं.

मी तिला ट्यूब देऊन आलो आहे. लाल-पांढरी. साइटवर आम्ही सगळे हीच लावतो, हाताला, मांडीला, मानेला. मेडिकलवाला न विचारता देते. तरी म्हणते, "करंगळी झोपून राहते हो माझी." म्हटलं, झोपू दे, तिला काय काम असते.

ही वही भगवान मिस्त्रीने दिली. हजेरीची आहे, मागची पानं कोरी आहेत. म्हणाला, "तुजा तोंड दिसभर चालू असते. थोडा कागदावर काढ, आमचे कान वाचतील." भगवान मिस्त्री इथल्याच, पनवेलजवळच्या आपटा गावचा. माझ्यापेक्षा वीस वर्षं मोठा, टाइल बसवण्यात त्याचा हात धरणारा इथे कोणी नाही. मी आठवीत शाळा सोडली, पण अक्षर बरं आहे असं गुरुजी म्हणायचे.

२ नोव्हेंबर

अकराव्या मजल्यावर चढलो आज. इथून विमानतळाची भिंत दिसते. सुरतला आठ महिने राहिलो, पुण्यात पाच. इथे दीड वर्ष झालं म्हणजे माझ्यासाठी खूप झालं. समीक्षा म्हणते, तुमच्या पायाला चाकं आहेत. तिचं खरं आहे. एका जागी बसलो की मला वाटते कोणीतरी मागून दार लावून घेते.

सिमेंटने पडलेल्या हाताच्या भेगा वाढल्या. ट्यूब संपली, नवीन आणली.

१९ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत समीक्षाचा फोन. गावात आशाताई घरोघर फिरून राहिल्या. अंगावर कुठे चट्टा आहे का विचारतात, बायांना आत नेऊन बघतात, वहीत नाव लिहितात. आशाताई म्हणजे आमच्याच गावची रिया, समीक्षाच्याच वयाची. उद्या आमच्या ओळीत येणार.

"तिला दाखवू का?" समीक्षा म्हणाली. "बाईच आहे, लाज नाही वाटणार."

मला एकदम राग आला. रविवारी किशोरीला, माझ्या बहिणीला, बघायला सिंदेवाहीकडचे पाहुणे येणार. मुलगा तलाठी कार्यालयात लागला आहे. असं स्थळ पुन्हा येते का?

"काय लिहिणार ती वहीत?"

"चट्टा आहे म्हणून लिहिणार."

"मग नर्स येणार. मग गाडी येणार. घरासमोर गाडी उभी राहिली का पाहुण्यांना कोण सांगणार कशाची गाडी ते? तू सांगणार?"

मीच पुढे विचारलं.

"आई कुठे आहे?"

"धान कापायला गेल्या."

"मग आईला यातलं काही बोलू नको. लांब बाहीचा ब्लाऊज घाल आणि काही नाही म्हण. ट्यूब लावून राहिलीस ना? फरक आहे ना?"

"खाजत तर नाही," ती म्हणाली.

"मग झालं."

हा सर्वे कशाचा असतो ते मला माहीत आहे. त्या रोगाचं नाव इथे लिहीत नाही. देवळाच्या पायरीवर बसतात त्यांना होतो तो. माझ्या बायकोला कशाला होईल? दोन वेळा आंघोळ करते ती.

२० नोव्हेंबर

आशाताई आली, विचारून गेली. समीक्षाने काही नाही म्हटलं. बरं झालं.

२४ नोव्हेंबर

किशोरी पसंत पडली! आईचा फोन आला, रडत होती. फेब्रुवारीत लग्न. भगवान मिस्त्रीला पेढे दिले. तो म्हणाला, "बयनीचा केलास, आता तुज्या हाताचा बघ. हा हात नाय, सोललेला बोंबील हाय." सगळे हसले. मीही हसलो, पण पेढा धरताना भेगेतून रक्त आलं.

१४ डिसेंबर

समीक्षाने बचत गटाची युनिफॉर्मची ऑर्डर परत केली. ऐंशी शर्ट होते. लग्नात नेसायला स्वतःचा शालू घ्यायचा होता तिला त्या कामातून, मला माहीत होतं. म्हणते, मशीन चालते, पण काज आणि बटण हाताने करावं लागते आणि सुई हातातून सुटते. धरली असं वाटते आणि बघते तर खाली पडलेली.

म्हटलं चष्मा लागला असेल.

म्हणे दंडाला तव्याचा चटका बसला तेही कळलं नाही, फोड आल्यावर दिसलं. म्हटलं स्वयंपाक करताना ध्यान कुठे असते, माझ्याकडे? तेव्हा हसली थोडी. तिला हसवलं की मला बरं वाटते, दिवसभर पुरते.

पण ऐंशी शर्ट सोडायला नको होते.

४ जानेवारी

आज काम बंद. दोन्ही तळहात फाटले. मुठीत पाणी धरलं तरी आग होते. शेठने बघितलं आणि म्हणाला, "हे ग्राहकाला दिसलं तर फ्लॅट विकला जाईल का माझा?" पगारी रजा नाही, नुसती रजा.

भगवान मिस्त्री: "ट्यूबवर ट्यूब चोलतोस, काय नाय होत. पनवेलला जा, खरा डॉक्टर बघ."

म्हटलं, खरा कसा ओळखू?

"त्याच्या पाटीवर खाली काय शिकलाय ता लिवलेला असते. ता वाच. वरचा नको वाचू."

६ जानेवारी

हे नीट लिहितो. कालपासून डोक्यात फिरून राहिलं.

पनवेलला सकाळीच उतरलो. पहिला दवाखाना काचेचा, आत थंडगार, भिंतीवर गोऱ्या बायांचे फोटो. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "हेअर का लेझर?" मी हात दाखवले तर खुर्ची मागे सरकवली तिने. दुसरा एसटी स्टँडकडे, एका खोलीत. पाटीवर दाद, खाज, गजकर्ण, कोड, गुप्तरोग, सगळं एकाच ठिकाणी बरं होणार. भगवान मिस्त्रीचं ऐकून खाली वाचलं. खाली काहीच लिहिलं नव्हतं. तिथून निघालो. मग तळ्याजवळच्या एका मेडिकलमधल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलं, वर दुसऱ्या मजल्यावर मॅडम बसतात, चामडीचंच शिकलेल्या आहेत, नंबर लावा आणि थांबा.

अडीच तास थांबलो. बाकावर सगळे आपापलं काहीतरी झाकून बसलेले. कोणी मान, कोणी पाय. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

डॉ. अरुंधती. केस पिकलेले, बोलणं कमी. माझे हात उलटे-सुलटे केले.

"सिमेंट?"

"हो मॅडम. टाइल बसवतो."

"हातमोजे?"

"हातमोज्यात टाइल सरकते."

"आणि काय लावता?"

ट्यूब दाखवली. किती दिवसांपासून विचारलं. वर्ष म्हटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले थोडा वेळ.

"यात स्टेरॉइड आहे. लावलं की दोन दिवस बरं वाटतं, सोडलं की दुप्पट होतं. तुमची कातडी कागदासारखी पातळ केलीय याने. हा सिमेंटचा एक्झिमा आहे, बरा होईल. पण ही ट्यूब नाही. गजकर्णाला लावली तर ते अंगभर पसरतं. चट्टा म्हणजे एकच रोग नसतो, सगळ्याला एक औषध कसं चालेल?"

मला वाईट वाटलं, आपण अडाणी ठरलो म्हणून. आणि थोडं दाखवावं म्हणून मी म्हटलं, "पण माझ्या बायकोला चांगला फरक आहे मॅडम. अजिबात खाज नाही."

फोनमधला फोटो दाखवला. दिवाळीत काढलेला. त्यांनी लिहिणं थांबवलं.

"आधी खाज होती?"

"नाही."

"ट्यूबच्या आधीही नाही?"

"नाही."

"मग फरक कशात पडला?"

मी फोन परत खिशात घातला.

मग त्यांनी विचारलं, चटका कळतो का, हाताची बोटं कशी आहेत. मी तवा सांगितला. सुई सांगितली. सांगता सांगता माझाच आवाज मला लांबून ऐकू यायला लागला.

"बघितल्याशिवाय मी नाव घेणार नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्याच त्यांना तुमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. उद्या. तुमच्या भागात आशाताई घरोघर तपासायला येतात ना? तुमच्याकडे नाही आल्या?"

मी म्हटलं, "नाही आल्या."

७ जानेवारी

गावच्या दवाखान्यात पाठवलं तर सगळ्यांना कळेल. लग्नाला महिना राहिला. तिच्या भावाला, अथर्वला, फोन केला. तो तिला घेऊन इकडे येतो. तिकीट शनिवारचं मिळालं, रविवारी सकाळी पोचतात. चार दिवसांनी काय बिघडते.

११ जानेवारी

सकाळी पनवेल स्टेशनवर उतरली. हिरवी साडी, लांब बाही. मला बघून हसली आणि म्हणाली, "किती वाळले तुम्ही." पिशवीत माझ्यासाठी चकल्या होत्या. डाव्या हातात पिशवी होती. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट, दोन्ही आत वळलेली. दिवाळीत इतकी नव्हती. का होती, आणि मी बघितली नाही?

मॅडमने रविवार असूनही वेळ दिली. अथर्व बाहेर बसला, मला आत बोलावलं.

समीक्षाला डोळे मिटायला सांगितले. म्हणाल्या, "मी कापूस टेकवेन. कळलं की हो म्हणायचं."

कपाळाला टेकवला. "हो."

डाव्या दंडाला. "हो."

गालाला. "हो."

मग चट्ट्यावर टेकवला. समीक्षा डोळे मिटून बसली होती, शाळेतल्या पोरीसारखी, उत्तर द्यायला तयार. काही बोलली नाही. मॅडमने पुन्हा टेकवला. थोडा बाजूला. मग करंगळीला. ती वाट बघत होती. तिला वाटत होतं मॅडमने अजून हात लावलाच नाही. मी ओरडणार होतो, अगं हो म्हण, हो म्हण ना. मग तिने डोळे मिटूनच विचारलं, "झालं का सुरू?"

मॅडमने कापूस ठेवून दिला.

त्यांनी नाव सांगितलं. कुष्ठरोग. साध्या आवाजात, सर्दी म्हणावं तसं. गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. औषध आरोग्य केंद्रात फुकट मिळते, वर्षभर घ्यायचं, एक दिवस चुकवायचं नाही. माझाही शर्ट काढून तपासलं. मला काही नाही.

"आणि बोटं?" समीक्षाने विचारलं. रोगाचं तिने विचारलंच नाही.

मॅडमने माझं बोट धरून तिच्या कोपराच्या मागे टेकवलं. आत शीर लागली, सुतळीसारखी जाड. "ही सुजलीय. बोटं किती दिवसांपासून अशी?"

"पोळ्यापासून. आशाताई आली तेव्हा एवढी नव्हती."

मॅडमने माझ्याकडे बघितलं. "आल्या होत्या?"

मी खाली फरशीकडे बघितलं. जोड वाकडा होता तिथला.

"मी काही नाही म्हटलं तिला," समीक्षा म्हणाली. "यांनी म्हण म्हटलं होतं, म्हणून."

रागाने नाही म्हणाली. मॅडमने विचारलं म्हणून सांगितलं. मॅडमही रागावल्या नाहीत. सुजेच्या वेगळ्या गोळ्या लिहिल्या, चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "सगळं परत येईल असं मी सांगणार नाही. काही येईल. तेव्हाच आला असतात तर जास्त सांगू शकले असते."

१२ जानेवारी

चकल्या खाल्ल्या नाहीत. भगवान मिस्त्रीला दिल्या.

१८ जानेवारी, गावाला

मीच तिला घेऊन आलो. आरोग्य केंद्रात औषधाचं पाकीट मिळालं. दुसऱ्या दिवशी नर्स घरी आली, सोबत रिया आशाताई. सगळ्यांना तपासलं, रोग होऊ नये म्हणून एकेक डोस दिला. आईने सगळ्यांच्या आधी गिळला. रिया समीक्षाला म्हणाली, "अगं ताई, मी त्या दिवशी एवढी विचारून गेले." समीक्षा म्हणाली, "चुकलं."

आईने तिचं ताट वेगळं केलं. नर्सने सांगितलं होतं, तसं काही करायची गरज नाही. आई म्हणाली, नर्सला काय, ती थोडीच जेवते आमच्यात.

संध्याकाळी शेजारची गंगाबाई आली तेव्हा आई अंगणात मोठ्याने बोलून राहिली. "फसवलं वं आम्हाला. माहेरच्यांनी रोगी पोरगी दिली. आणि हीसुद्धा किती पक्की, लांब बाह्या घालून फिरत होती, घरच्या माणसाला कळू दिलं नाही."

समीक्षा दारात उभी होती. आईकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होतो. बांधली. मग सोडली. मग परत बांधली.

२७ जानेवारी, उलवे

समीक्षा माहेरी गेली. अथर्व छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला, शिलाई मशीन त्यात टाकली आणि दोघं गेले. आईने फोनवर सांगितलं, "मशीन काहून नेली? शिवता तर येत नाही." मी फोन ठेवला.

तलाठी कार्यालयवाल्यांनी लग्न मोडलं नाही. त्यांना कळलं होतं. मुलाने म्हटलं म्हणे, गोळ्या चालू आहेत ना मग काय. ज्या माणसांना मी एवढा घाबरलो त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. हे ऐकून मला आनंद व्हायला पाहिजे.

१५ फेब्रुवारी

किशोरीचं लग्न झालं. समीक्षाला बोलावलं नाही. किशोरी म्हणाली, "दादा, वहिनीला फोन लाव ना." लावला. उचलला नाही.

माझे हात बरे झाले. आत सुती, वर रबरी हातमोजे घालतो. टाइल सरकत नाही. सरकते असं मला वाटत होतं.

१ मार्च

आज आईला फोनवर सांगितलं. तीन आठवडे शब्द जुळवून राहिलो होतो, शेवटी जिन्यावर उभं राहून एका दमात सांगितलं.

"आई, तिने लपवलं नाही. मी लपवायला लावलं. आशाताई येणार होती तेव्हा मीच म्हटलं, लांब बाह्या घाल."

आई म्हणाली, "बायकोला वाचवायला आईसमोर खोटं बोलतोस बाबू?"

"खोटं नाही."

"तू असं करूच शकत नाही. मी जन्म दिला तुला."

पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. ती म्हणाली, जेवलास का.

भगवान मिस्त्री खालच्या मजल्यावर ऐकत होता. वर आला, जवळ बसला, बिडी पेटवली. म्हणाला, "तवा बोलला असतास तं मानली असती आयशीनं. आता तिचा तिनं ठरवलाय." नेहमी चेष्टा करणारा माणूस. आज केली नाही.

८ मार्च

समीक्षाने फोन उचलला.

मी आईला सांगितल्याचं सांगितलं. ती "बरं" म्हणाली. मग मी गोळ्यांचं विचारलं. चुकत नाहीत. अंग काळवंडलं गोळ्यांनी, नंतर पहिल्यासारखं होते म्हणतात. बोटांचं विचारलं.

"दुसरं बोट थोडं उघडते. करंगळी नाही."

"येईल."

"तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, ती आता तशीच राहील."

मागे मशीनचा आवाज येत होता. म्हटलं, कोण शिवते? म्हणाली, वहिनी. मी पाय मारायला आणि कापड कसं धरायचं ते शिकवून राहिले.

मी म्हटलं, "इकडे ये. करंजाड्यात खोली बघितली आहे, नळ आतच आहे. आपण दोघंच राहू. आई नाही, गाव नाही. मी आता कुठे जाणार नाही, इथेच राहणार." हे मी खरंच म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी राहायचं मनात आलं.

ती म्हणाली, "तिथल्या शेजारणी विचारतील, हाताला काय झालं. तुम्ही मला काय सांगायला लावाल?"

मी म्हणू शकलो असतो, खरं सांग. तेच म्हणायचं होतं. पण त्याआधी एक क्षण माझ्या मनात आलं की मशीनमध्ये हात सापडला म्हणता येईल. एकच क्षण. फोनवर तेवढं थांबणं तिला ऐकू गेलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

"निदान पैसे पाठवतो. दहा हजार आहेत माझ्याकडे. खोलीसाठी ठेवले होते."

"औषध फुकट आहे. भावाकडे खायला आहे."

"मग काहीच नको का तुला माझ्याकडून?"

ती विचार करून राहिली. मशीन थांबली होती.

"महिन्यातून एकदा बोटांच्या व्यायामाला तालुक्याला जावं लागते. एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे. छत्तीस जायचे, छत्तीस यायचे. ही खेप तुमच्यामुळे पडते, तर तेवढे पाठवा. जास्त आले तर परत पाठवीन."

मी म्हटलं, अगं रिक्षाचे, चहाचे, काही तरी. फोन ठेवला होता तिने.

मेडिकलच्या बाहेर उभं राहून फोनच्या यूपीआयवर तिचं नाव काढलं. दहा हजार टाकले, खोडले. पाच हजार टाकले, खोडले. पाचशे टाकले, तेही खोडले.

समीक्षाला पाठवतो आहे, बहात्तर रुपये.